फारांक यांच्या सिंफनींना न्याय देणारे ध्वनिमुद्रण

बेथोव्हेनची पाचवी सिंफनी (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची, बहुधा चार भागांची मोठी रचना) एखाद्या वाद्यवृंदाने रटाळ वाजवली, तर आपण संचालकाला नावे ठेवतो, बेथोव्हेनला नाही. कारण मूळ रचना काय ताकदीची आहे, हे आपल्या कानांना आधीपासून ठाऊक असते. विस्मृतीत गेलेल्या संगीतकाराला मात्र ही सवलत मिळत नाही. त्याच्या सिंफनीची जेमतेम दोन-तीन ध्वनिमुद्रणे उपलब्ध असतात, त्यांतले एखादे कसेबसे उरकलेले हाती लागले की ऐकणारा सगळा दोष रचनाकाराच्या माथी मारतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच संगीतकार लुईज फारांक यांच्या पहिल्या आणि तिसऱ्या सिंफनीचा, लॉरांस एकिल्बे यांच्या संचालनाखाली इन्सुला ऑर्केस्ट्राने वाजवलेला आणि एरातो कंपनीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अल्बम मला फार मोलाचा वाटतो.

फारांक यांचा जन्म १८०४ साली पॅरिसमध्ये, शिल्पकारांच्या ड्यूमाँ घराण्यात झाला. बास्तीय चौकातल्या जुलै स्तंभावर उभा असलेला सोनेरी पुतळा त्यांच्या भावाने, ओग्युस्त ड्यूमाँ यांनी घडवलेला आहे. भावाचे काम शहराच्या मध्यावर आजही झळकते आहे आणि बहिणीच्या तीनही सिंफनी तिच्या हयातीत छापल्यासुद्धा गेल्या नाहीत. यजमान स्वतः संगीताचे प्रकाशक असूनही हे घडले, ही गोष्ट मनाला लागते. छापील प्रतच नाही म्हटल्यावर दुसऱ्या शहरातल्या वाद्यवृंदांनी वाजवायचे तरी काय? त्यातून त्या काळच्या पॅरिसला ऑपेराचे वेड होते आणि सिंफनी लिहिणाऱ्याला तिथे सहजासहजी सभागृह मिळत नसे. १८४१ मध्ये लिहिलेली पहिली सिंफनी १८४५ साली प्रथम वाजली, तीही ब्रसेल्समध्ये. १८४७ मधल्या तिसऱ्या सिंफनीला १८४९ मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयाच्या नामवंत वाद्यवृंदाने हात लावला. त्याच कॉन्झर्व्हेटरीत फारांक १८४२ पासून तीसएक वर्षे पियानोच्या प्राध्यापक होत्या, आणि तेच काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा त्यांना पगार कमी होता. १८५० मध्ये त्यांच्या नऊ वाद्यांच्या रचनेचा प्रयोग गाजला, त्यात पुढे जगप्रसिद्ध झालेले व्हायोलिनवादक योआखिम तरुणपणी व्हायोलिनला होते. त्यानंतर फारांक यांनी समान वेतनाची मागणी केली आणि ते मिळवले.

आता वादनाकडे वळतो. इन्सुला हा २०१२ मध्ये स्थापन झालेला वाद्यवृंद त्या त्या काळाच्या वाद्यांवर वाजवतो. व्हायोलिनला आजच्या तारांऐवजी तात (आतड्याची तार) असते, आणि सारंगीच्या तातीचा किंचित खरखरीत, माणसाच्या गळ्याजवळ जाणारा आवाज ज्यांच्या ओळखीचा आहे, त्यांना या तंतुवाद्यांचा पोत लगेच जवळचा वाटेल. हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. तिसऱ्या सिंफनीत फारांक यांनी ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन घेतलेलेच नाहीत. पितळी वाद्यांत फक्त दोन हॉर्न आहेत. अशा रचनेत आधुनिक तंतुवाद्यांचा भरगच्च ताफा बसवला की लाकडी सुषिर वाद्ये, म्हणजे ओबो-क्लॅरिनेटसारखी फुंकून वाजवायची वाद्ये, दबून जातात, आणि या संगीताचे निम्मे बोलणे तर त्याच वाद्यांतून चाललेले असते. इथे क्लॅरिनेट, बसून, ओबो अशी प्रत्येक वाद्याची रेघ स्वतंत्र ऐकू येते, आणि टिंपनीचा, म्हणजे नगाऱ्यासारख्या तालवाद्याचा, कोरडा, नेमका आघात लयीला कणा देतो.

तिसऱ्या सिंफनीचा आरंभ एकट्या ओबोने होतो. जेमतेम काही स्वर, सोबतीला कुणी नाही. मग इतर वाद्ये हळूहळू येऊन मिळतात आणि पाहता पाहता जी मायनर या स्वरसप्तकातली द्रुत लय पकड घेते. एकिल्बे हा सांधा इतक्या सफाईने जुळवतात की लय नेमकी कोणत्या क्षणी चढली, ते सांगता येऊ नये. दुसऱ्या भागात क्लॅरिनेटचे दीर्घ गाणे आहे. ते विलंबित आहे, पण रेंगाळत नाही, आणि खाली टिंपनी अगदी दबक्या आवाजात धरलेली असते. तिसऱ्या भागातली तंतुवाद्यांची कुजबुजती धाव हा माझ्या मते संपूर्ण अल्बममधला सर्वोत्तम तुकडा आहे. एवढ्या द्रुत लयीत एवढ्या हलक्या हाताने वाजवणे अवघड असते, आणि इथे एकही स्वर धूसर होत नाही. शेवटच्या भागात मात्र वेगाचा हव्यास थोडा जास्त झाला आहे. एकसुरात झेपावणाऱ्या त्या पहिल्या वाक्यानंतर क्षणभर श्वास घेतला असता, तर पुढचे वादळ अधिक अंगावर आले असते.

पहिली सिंफनी मला तिसरीच्या तोडीची वाटत नाही. तिचे हेडन-बेथोव्हेनशी असलेले नाते फार उघड आहे, तरी तिचा संथ भाग सुंदर आहे.

तुलनेसाठी सीपीओ कंपनीचे, योहानेस गोरित्स्की यांनी हानोव्हरच्या एनडीआर रेडिओ फिलहार्मोनीकडून वाजवून घेतलेले जुने ध्वनिमुद्रण जरूर ऐकावे. या सिंफनी जगापुढे आणण्याचे मोठे श्रेय त्याला आहे आणि त्यातले तंतुवाद्यांचे भरीव काम आजही ऐकावेसे वाटते. पण ओबो-क्लॅरिनेटचा संवाद तिथे मागे पडतो.

पुण्यात या सीडी दुकानात मिळण्याची आशा जवळपास सोडावीच लागते. परदेशातून मागवल्यास सीडीपेक्षा टपालखर्च जड होतो, त्यामुळे बहुतेकांना मोबाइलवरच्या सशुल्क सेवांवरच भिस्त ठेवावी लागेल. तिथे एक काळजी घ्यावी: मी वापरतो त्या सेवेत सिंफनीचे चार भाग चार स्वतंत्र गाण्यांसारखे मांडलेले आहेत, आणि क्रम उलटसुलट करणारे बटण चालू राहिले तर तिसरा भाग पहिल्याच्या आधी वाजतो. संपूर्ण अल्बम उघडून क्रमाने ऐकावा. आणखी एक, कर्वे रस्त्यासारख्या ठिकाणी रस्त्याकडेला घर असेल, तर दिवसा त्या ओबोचे पहिले स्वर रिक्षांच्या आवाजात हरवतील. रात्री दहानंतर, शक्यतो चांगल्या हेडफोनवर ऐकणे उत्तम.

याच चमूने दुसरी सिंफनी आणि दोन्ही ओव्हर्चर (वाद्यवृंदासाठीच्या एका भागाच्या रचना) २०२३ मध्ये प्रसिद्ध केले आहेत. एकच अल्बम विकत घेणार असाल तर २०२१ चा घ्यावा, आणि सुरुवात पहिल्या सिंफनीने न करता थेट तिसरीने करावी.