नेत्याची कुंडली पाहायची असेल तर: आयोगाचं शपथपत्र पोर्टल आणि मायनेता

ज्येष्ठ नेत्याबद्दल गावभर जे बोललं जातं त्यात दंतकथाच फार. त्याने निवडणुकीचा अर्ज भरताना स्वतः सही करून काय लिहून दिलंय हे पाहायला मात्र दोनच चांगल्या जागा आहेत: निवडणूक आयोगाचं शपथपत्रांचं पोर्टल आणि एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या संस्थेची मायनेता ही साइट. दोन्ही फुकट. मायनेता वेगवान आणि सोपी आहे, आयोगाचं पोर्टल कंटाळवाणं आहे. तरीही नेत्याचे लागेबांधे शोधायचे असतील तर कंटाळवाण्यालाच पर्याय नाही.

ही सोय आपसूक आलेली नाही. एडीआरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2002 रोजी उमेदवारांची माहिती मतदारांपुढे आलीच पाहिजे असा निकाल दिला. संसदेने कायदा बदलून त्याला बगल द्यायचा प्रयत्न केला, तो मार्च 2003 च्या निकालाने मोडीत निघाला. आज जे शपथपत्र दिसतं ते ‘नमुना 26’. 2013 च्या निकालापासून त्यातला रकाना कोरा सोडता येत नाही, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहावंच लागतं. 2019 पासून स्वतःचं, जोडीदाराचं, हिंदू अविभक्त कुटुंबाचं आणि अवलंबितांचं 5 वर्षांचं आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न आणि परदेशातली मालमत्ताही दाखवावी लागते. म्हणून 2019 च्या आधीचं शपथपत्र आणि नंतरचं यांची तुलना करताना जुन्यात काही रकानेच नव्हते हे लक्षात ठेवा, नाहीतर ‘लपवलं’ असा उगाच ठपका ठेवला जातो.

आयोगाच्या पोर्टलवर नावाने शोधू नका. एकाच आडनावाची रोमन स्पेलिंगं तीन-तीन सापडतात, आणि नाव वडिलांच्या नावासह टाकलंय की नाही याचाही भरवसा नसतो. आधी निवडणूक, मग राज्य, मग मतदारसंघ निवडा आणि यादीतून नाव काढा. एकच उमेदवार यादीत दोन-चारदा दिसला तर गोंधळू नका: एका मतदारसंघात 4 अर्ज भरता येतात, प्रत्येकाची नोंद वेगळी. त्यातली स्वीकृत झालेली नोंद घ्या. कागद स्कॅन केलेला असतो, त्यामुळे आत शब्द शोधता येत नाही. हस्ताक्षरातला मराठी कागद फोनवर वाचणं म्हणजे शिक्षाच, मोठ्या पडद्यावर उघडा.

मायनेता हीच माहिती तक्त्यात मांडून देते. 2004 पासूनच्या निवडणुका तिथे आहेत, आणि त्याच व्यक्तीची आधीची शपथपत्रं जोडलेली असली तर संपत्तीचा आकडा निवडणुकीगणिक कसा चढला हे एका नजरेत कळतं. पण इथेच लोक फसतात. स्थावर मालमत्ता चालू बाजारमूल्याने दाखवायची असते. शहरालगतची वडिलोपार्जित जमीन दहा वर्षांत कितीतरी पटीने वाढते, त्यात नेत्याने काहीच केलेलं नसतं. एकूण बेरीज सोडून द्या. दोन शपथपत्रं शेजारी ठेवा आणि गट क्रमांक ताडून पाहा. नवा गट दिसला की खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि ‘स्वसंपादित की वारसाहक्काने’ हा रकाना वाचा. मग मधल्या वर्षांचं उत्पन्न, नवी कर्जं आणि गायब झालेली जुनी मालमत्ता यांतून ती खरेदी बसते का ते पाहा. पुष्कळदा बसते. नाही बसली तर प्रश्न विचारायला हाती काहीतरी ठोस असतं.

लागेबांध्यांची खरी खाण जंगम मालमत्तेत आणि दायित्वांत आहे, आणि नेमका हाच भाग घाईत सुटतो. ‘दिलेली वैयक्तिक कर्जं’ या ओळीत कोणाला हातउसने दिले त्यांची नावं असतात. शेअर्सच्या ओळीत खासगी कंपन्या, साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी बँका. कर्जाच्या बाजूला पतसंस्था, नातेवाईक, कधी एखादा बांधकाम व्यावसायिक. दोन निवडणुकांत तेच नाव एकदा देणेकरी आणि एकदा घेणेकरी म्हणून आलं तर थांबून वाचा. सरकारी कंत्राटांचा रकानाही पाहा. तिथे स्वतः, जोडीदार, अवलंबित, हिंदू अविभक्त कुटुंब, भागीदारी संस्था, ट्रस्ट आणि खासगी कंपन्या असे सगळे विचारलेले आहेत.

आता सर्वात मोठं भोक. अवलंबित नसलेली मुलं, सुना, भाऊ, पुतणे, मेहुणे या नमुन्यात येतच नाहीत. आपल्याकडे शिक्षणसंस्था मुलाकडे, कारखाना पुतण्याकडे आणि दूधसंघ जावयाकडे असा प्रपंच असतो, त्यामुळे नेत्याचं शपथपत्र निम्मंच घर दाखवतं. त्यासाठी बाहेर पडावं लागतं. कंपनीचं नाव कळलं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर संचालक सापडतात. गाव आणि गट क्रमांक हाताशी असला की महाभूलेखवर सातबारा निघतो, आडनावानेही शोधता येतं. ट्रस्टच्या विश्वस्तांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. घरातलंच कोणी आमदार, खासदार असेल तर काम सोपं, त्यांचं वेगळं शपथपत्र असतंच.

गुन्ह्यांच्या बाबतीत मायनेतावरचा आकडा शेवटचा शब्द मानू नका. आंदोलनातली जमावबंदी मोडल्याची नोंद आणि फसवणुकीची नोंद आकड्यात सारखीच मोजली जाते. एडीआर ‘गंभीर’ गुन्हे वेगळे काढते, पण त्यांचे निकष त्यांचे आहेत. मूळ कागदात कलम, न्यायालय आणि दोषारोप निश्चित झालेत का हे तिन्ही असतं, तेच वाचा. 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हे नोंदलेल्या उमेदवाराने वृत्तपत्रात आणि वाहिनीवर 3 वेळा ही माहिती जाहीर करायची असते. बारीक टायपातली ती जाहिरात सहसा कोणी वाचत नाही.

कारकिर्दीसाठी या दोन्ही जागा कुचकामी. पदं, समित्या, मतदारसंघ बदलल्याचा इतिहास लोकसभा आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळांवरच्या परिचयात मिळतो. खासदाराची हजेरी आणि प्रश्न पीआरएस या संसदेच्या कामाचा मागोवा घेणाऱ्या संस्थेच्या साइटवर. मंत्र्यांची हजेरी तिथे दिसणार नाही, कारण मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत. त्यावरून ‘आमचा मंत्री सभागृहात गेलाच नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

आणि शपथपत्र खरं आहे का हे निवडणूक निर्णय अधिकारी तपासत नाही. तो कागद घेतो, 24 तासांत प्रसिद्ध करतो. कोणी विरोधात प्रतिशपथपत्र दिलं तर तेही लावतो, म्हणून पोर्टलवर ते आहे का ते जरूर पाहा: विरोधकांनी केलेली फुकटची पडताळणी आहे ती. खोट्या माहितीबद्दल लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून 45 दिवस. मात्र एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की प्रत्येक किरकोळ जंगम वस्तू दाखवलीच पाहिजे असं नाही, तेव्हा घड्याळ किंवा जुनी दुचाकी राहिली म्हणून खटल्याची स्वप्नं पाहू नयेत.