निरोपाच्या स्मृतिचिन्हासाठी दगडकाम : कार्यशाळेविषयी अभिप्राय

आमच्या भूशास्त्र विभागातील ज्येष्ठ प्राध्यापक ३४ वर्षांच्या अध्यापनानंतर मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले. शाल आणि श्रीफळ यांची व्यवस्था विभागाने केलीच होती. परंतु ज्या सरांनी आम्हाला सह्याद्रीचे घाट पायी फिरवून दगड वाचायला शिकवले, त्यांच्या हाती नाव कोरलेली ठरावीक काचेची ढाल ठेवणे आम्हा माजी विद्यार्थ्यांना पटत नव्हते.

विद्यार्थिदशेत सरांबरोबर वाघोलीच्या खाणीतून आणलेला बेसॉल्टचा एक तुकडा मी जपून ठेवला होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूमुळे त्यात पोकळी राहिली आणि पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून तिच्यात स्टिल्बाइटचे फिकट गुलाबी स्फटिक वाढले, गव्हाच्या पेंडीसारखे मधोमध आवळलेले. आधी ज्या दुकानात आम्ही गेलो, तिथे त्यावर लॅकर मारून गरम गोंदाने चिकटवून देण्याची तयारी दाखवण्यात आली. स्टिल्बाइट हे झिओलाइट गटातील खनिज. त्याच्या रचनेत पाणी असते आणि तापवल्यास ते निघून जाते. शिवाय ते इतके मऊ, की चाकूनेही त्यावर ओरखडा उठतो. आम्ही तुकडा उचलून परत आलो.

या कार्यशाळेतील काकांनी मात्र यंत्राला हात लावण्यापूर्वी भिंग घेऊन स्फटिक निरखले आणि कोणत्या बाजूला धक्का चालणार नाही, हे विचारून खडूने खूण केली. पोकळीत कापूस भरून, पाण्याच्या धारेखाली हिऱ्याच्या पात्याने त्यांनी फक्त तळ सपाट केला. पुढील कडेची दोन बोटे रुंदीची पट्टी आरशासारखी घासून दिली, मागची बाजू मात्र आमच्या विनंतीवरून फुटली तशीच ठेवली. कारण ताजा भंग, म्हणजे दगड फुटल्यावर उघडी पडलेली बाजू, पाहिल्याशिवाय सर दगडाविषयी बोलत नाहीत. सागवानी बैठकीला दगडाच्या आकाराची खोबण कोरली असल्याने गोंदाचा थेंबही लागलेला नाही, आणि दगड हवा तेव्हा उचलून हातात घेता येतो.

उणीव एकच. पितळी पट्टीवर ‘भूशास्त्र’ऐवजी ‘भूगोल’ कोरले गेले होते. आमच्या क्षेत्रात ही चूक फार बोचते. पण ती दाखवताच त्यांनी दुसऱ्या दिवशी नवी पट्टी विनामूल्य बसवून दिली. एकूण खर्च ४,२०० रुपये आला आणि काम पूर्ण व्हायला ११ दिवस लागले. कामाची नजाकत पाहता ही रक्कम मला रास्त वाटते.

समारंभात सरांनी दगड बैठकीवरून उचलला, उलटा केला आणि खिशातले भिंग काढून मागची बाजू खिडकीच्या उजेडाकडे धरली. सूत्रसंचालकांना पुढचे नाव पुकारण्यासाठी बराच वेळ थांबावे लागले.

आपला नमुना नाजूक असेल तर काकांना प्रत्यक्ष भेटूनच काम सोपवावे आणि पट्टीवरील मजकूर स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावा.