जुने कंबरेचे दुखणे आणि अपघाताचा दावा : नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील एका वकील कार्यालयाचा अनुभव

वर्धा रोडवर सिग्नलला थांबलो असताना मागून आलेल्या मोटारीने माझ्या दुचाकीला धडक दिली, तेव्हा माझी कंबर काही पूर्णपणे निरोगी नव्हती. २०१९ मध्ये काढलेल्या एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकती किंचित फुगल्याचे दिसले होते. दोन महिने फिजिओथेरपी घेतली आणि त्यानंतर औषधांच्या वितरणासाठी रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरताना मला कधी अडचण आली नाही. अपघातानंतर मात्र डाव्या पायाचा अंगठा वर उचलता येईना आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. धडक देणाऱ्या मोटारीच्या विमा कंपनीचे म्हणणे एका ओळीचे होते : आजार पूर्वीपासूनचा आहे.

ज्या वकिलांकडे मी प्रथम गेलो, त्यांनी २०१९ चे कागद घरीच राहू द्या असे सांगितले. तो सल्ला मनाला पटला नाही, म्हणून एका परिचितांच्या सांगण्यावरून मी जिल्हा न्यायालयाजवळच्या या कार्यालयात गेलो. वकिलांनी स्वतःची जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनुसार मनाई असल्याने आपले नाव कुठे लिहू नये, अशी वकीलमॅडमची इच्छा आहे आणि ती मी पाळत आहे.

त्यांनी पहिल्याच भेटीत एमआरआयची जुनी फिल्म मागितली. जुनी आणि नवी अशा दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरून त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवले, की पूर्वी फक्त फुगलेली चकती आता बाहेर येऊन पाचव्या मणक्याच्या शिरेवर दाबली गेली आहे आणि अंगठ्याची ताकद जाते ती याच शिरेमुळे. आपला संपूर्ण दावा या दोन चित्रांमधल्या फरकावर उभा राहील आणि जुने चित्र लपवले तर फरक दाखवायचा तरी कशाच्या आधारे, असे त्यांनी विचारले. शिवाय मेडिक्लेमच्या नोंदींतून ते उलटतपासणीत बाहेर आले असते, तर माझ्या उरलेल्या साक्षीवरही कोणी विश्वास ठेवला नसता.

पुढचे काम त्यांनी फार बारकाईने केले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालील भरपाईच्या अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे (ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली), म्हणून पाचव्या महिन्यातच अर्ज दाखल झाला. माझ्या कंपनीचे तीन वर्षांचे हजेरीपत्रक, दौऱ्यांच्या नोंदी आणि फिजिओथेरपी संपल्याचा शेरा असलेला केसपेपर त्यांनी जोडला, जेणेकरून अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत मी पूर्ण वेळ काम करत होतो हे कागदावरच दिसावे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्के म्हणजे कमाईतील घट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट केले आहे. त्याचा आधार घेऊन दुचाकीवर बसता न येणाऱ्या वितरण प्रतिनिधीचे उत्पन्न प्रत्यक्षात किती बुडते, हे त्यांनी मांडले. माझे वय ४४, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्याच सरला वर्मा निकालातील तक्त्यानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या बुडालेल्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, १४ येतो, हेही त्यांनी मला कागदावर हिशेब करून समजावले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. कंबरेला पट्टा बांधून ते जिने चढताना मला दोनदा मध्येच थांबावे लागले, आणि जिथे अपघातग्रस्त पक्षकार येतात तिथे ही गैरसोय मला गंभीर वाटते. दिवसा फोन उचलला जात नाही. एकदा कारकुनाने चुकीची तारीख सांगितल्याने माझी रजा वाया गेली. त्याबद्दल मॅडमनी स्वतः फोन करून दिलगिरी व्यक्त केली.

शुल्क टप्प्याटप्प्याने घेतले आणि प्रत्येक वेळी पावती मिळाली. भरपाईत टक्केवारीने वाटा घेणे वकिलांना नियमाने निषिद्ध आहे, हे त्यांनी आपणहून सांगितले. तोवर मला ते ठाऊक नव्हते.

असे दावे चालवणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने जुन्या दुखण्यापोटी भरपाईत काही कपात केली. ती कपात मला आजही पूर्णपणे मान्य नाही, परंतु दुखणे अपघाताने वाढले हे निकालपत्रात स्पष्ट लिहिले गेले आणि अर्जाच्या तारखेपासून व्याजही मिळाले. आपलाही असा दावा असेल तर सायंकाळी सहानंतरची वेळ घेऊन जावे, आणि जुन्या फिल्म, अहवाल व केसपेपर, कितीही जुने असले तरी, पहिल्याच भेटीत सोबत न्यावेत.