चित्रकारांची पत्रं: नागपुरात बसून कोणता संग्रह धरावा?

चित्रकारांची पत्रं वाचायची आणि त्यांवर काही लिहायचं, पण सुरुवात कोणत्या संग्रहापासून करायची? एमएफएच्या प्रबंधाचा विषय शोधणारे विद्यार्थी हे विचारतात, तसे नोकरी सांभाळून कलेतिहास वाचणारेही विचारतात. दिल्लीला किंवा मुंबईला महिनाभर मुक्काम ठोकून मूळ कागद चाळणं नागपूरच्या माणसाला जमेलच असं नाही. म्हणून जे संग्रह घरी बसून उघडता येतात किंवा पुस्तक मागवून वाचता येतात, तेवढेच इथे घेतो. या सगळ्यांत मी वेळ घालवला आहे आणि शेवटी एकावर थांबलो आहे. तुमचा विषय वेगळा असेल तर निर्णयही वेगळा होऊ शकतो, हे आधीच मान्य करतो.

पहिला मान व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या पत्रांच्या वेब आवृत्तीला. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयातल्या संपादकांनी पंधरा वर्षं खपून २००९ साली ती खुली केली. आज टिकून असलेली ९०२ पत्रं तिथे आहेत, त्यांपैकी ८१९ त्याने लिहिलेली आणि ८३ त्याला आलेली. मूळ पानाचं छायाचित्र, डच किंवा फ्रेंच मजकूर जसाच्या तसा, इंग्रजी अनुवाद आणि टिपा हे सगळं एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावून वाचता येतं, आणि पैसे पडत नाहीत. मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात त्या तारखांच्या टिपा. व्हिन्सेंट अनेकदा तारीख घालत नसे. मग संपादक त्याच्या भावाने, थिओने, पाठवलेल्या पैशांची पोच, एखाद्या चित्राची प्रगती, आधीच्या पत्रातला अर्धवट राहिलेला विषय असे धागे जुळवत दिवस नक्की करतात, आणि तो कसा केला हे प्रत्येक पत्राखाली लिहून ठेवतात. पत्राकडे पुरावा म्हणून कसं पाहायचं, हे शिकायला याहून चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही. पत्रांतच काढलेली दोनशेहून अधिक रेखाटनंही मजकुरातल्या आपल्या जागी दिसतात.

अडचण एवढीच की थिओच्या पत्नीने, योहानाने, १९१४ साली ही पत्रं तीन खंडांत छापली तेव्हापासून ही जमीन जगभरातले लोक नांगरत आले आहेत. वाचनाचा आनंद अपार आहे, पण नवीन काही मांडायचं असेल तर इथून ते कठीण जाईल असं वाटतं.

नवीन मांडायचं तर एशिया आर्ट आर्काइव्ह. ही संस्था २००० साली हाँगकाँगमध्ये सुरू झाली आणि २०१३ पासून दिल्लीतही तिचं काम चालतं. के. जी. सुब्रमण्यन, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख आणि रतन पारिमू या बडोद्याच्या चौघांचे संग्रह तिने डिजिटल केले. त्याच्याही आधी गीता कपूर आणि विवान सुंदरम यांचे घरचे कागद केले. पारिमू आणि कपूर ही नावं मुद्दाम सांगतो, कारण कलेतिहासकारांचा पत्रव्यवहार पाहायला मिळणं आपल्याकडे दुर्मीळ आहे. इथे कागद कच्चा असतो. संपादकाने आधी वाट पाडून ठेवलेली नसते. सूचीतलं नाव शोधता येतं, पण हस्ताक्षरातल्या मजकुरातला शब्द शोधून सापडत नाही. पान न् पान स्वतः वाचावं लागतं. बडोद्याची माणसं म्हटल्यावर गुजराती हस्ताक्षराचीही तयारी हवी. काही नोंदींवर फक्त शीर्षक दिसतं आणि कागद पाहायला प्रत्यक्ष जावं लागतं. ज्याला उत्खननाची आवड आहे त्याला हे सारं चालेल, किंबहुना तेच हवं असेल.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधल्या आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टबद्दल थोडक्यात सांगतो. डेट्रॉइटमध्ये १९५४ साली सुरू झालेला आणि १९७० मध्ये स्मिथसोनियनकडे आलेला हा साठा २ कोटींहून अधिक कागदांचा आहे, आणि त्याच्या सूच्या पाहून इथल्या ग्रंथपालांनीही शिकावं. पण अमेरिकी चित्रकलेवर काम करायचं नसेल तर नागपूरच्या अभ्यासकाला तिथे फार काळ रमता येणार नाही. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांसाठी तिकडे डोकावणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. त्यांचा जन्म नागपूरचा, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याबद्दल विशेष ओढ असते. १९६४ साली त्यांना अमेरिकेला नेणारी शिष्यवृत्ती तिसऱ्या जॉन डी. रॉकफेलरच्या फंडाची होती, आणि त्या फंडाची कागदपत्रं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकफेलर आर्काइव्ह सेंटरमध्ये आहेत. चौकशी तिथे करावी.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय केला तिच्याकडे येतो. पत्र ज्याला लिहिलं त्याच्या घरी जातं. ऐकायला ही साधी गोष्ट आहे, पण संग्रहात शिरल्यावर ती पावलोपावली आडवी येते. एखाद्या चित्रकाराच्या नावाचा संग्रह उघडला की त्याची स्वतःची पत्रं फारशी नसतात. असतात ती त्याला आलेली. त्याने काय लिहिलं ते मित्रांच्या, भावंडांच्या, गॅलरीवाल्यांच्या कागदांत विखुरलेलं असतं, आणि त्यातल्या निम्म्या घरांनी काही जपलेलंच नसतं. कलेतिहासकार आणि समीक्षकांच्या बाबतीत जरा बरं असतं. टाइपरायटरवर लिहायची आणि फाइल ठेवायची सवय असल्याने त्यांच्याकडे कार्बन प्रती सापडतात. चित्रकार हाताने लिहितो, पाकीट चिकटवतो आणि कामाला लागतो.

भर मे महिन्यात कूलरसमोर बसून मी असाच एक व्यक्तिगत संग्रह ओळीने वाचत होतो. एक मित्र आपल्या नव्या चित्रांबद्दल खरं मत मागतो. त्याच मित्राच्या पुढच्या पत्रात ते मत बहुतांशी पटल्याचं लिहिलेलं आहे, एका मुद्द्यावर मात्र तो हटून बसला आहे. मत काय होतं? ज्या माणसाचा अभ्यास मी करत होतो, त्याने दुसऱ्याच्या चित्राबद्दल नेमकं काय म्हटलं, तेवढंच नव्हतं. ते त्या संग्रहात असणं शक्यही नव्हतं, कारण ते टपालात पडून दुसऱ्या गावी गेलेलं होतं. त्यानंतर हेच पुन्हा पुन्हा घडत राहिलं. प्रश्न दिसायचा, आभार दिसायचे, रुसवा दिसायचा. ज्यामुळे आभार किंवा रुसवा, ते दिसायचं नाही. मी त्या जागा अंदाजाने भरू लागलो, आणि अंदाज नेहमी माझ्या सिद्धांताला सोयीचा निघायचा. हे मला सहन होईना.

या कसोटीवर व्हॅन गॉगची आवृत्तीही एका बाजूला कलते. थिओने भावाची पत्रं जपली, म्हणून व्हिन्सेंटची थिओला लिहिलेली साडेसहाशेच्या आसपास पत्रं आहेत. व्हिन्सेंटने जपली नाहीत, म्हणून थिओची उरली चाळीसच्या आसपास. ज्याने पैसे पाठवले, चित्रं सांभाळली, धीर दिला, त्याचं बोलणं आपल्याला बहुतेक वेळा व्हिन्सेंटच्या उत्तरांतून ओळखावं लागतं. संपादकांचा यात काहीच दोष नाही. जे उरलं ते सगळं त्यांनी दिलं आहे.

अमृता शेरगिल यांच्या बाबतीत तर घरातच आग लागली. १९३८ साली लग्नासाठी त्या हंगेरीला गेल्या असताना आई-वडिलांनी त्यांच्याकडची पत्रं जाळली, आणि त्यांत जवाहरलाल नेहरूंचीही होती. अमृता यांचे भाचे विवान सुंदरम यांनी २०१० मध्ये संपादित केलेले दोन खंड म्हणजे प्रामुख्याने अमृता यांचा एकटीचा आवाज आहे. तो आवाज इतका जिवंत आहे की पुष्कळदा समोरचा माणूस नाही हे विसरायला होतं. कार्ल खंडालावालांना लिहिलेली पत्रं तर चित्रकार आणि कलेतिहासकार यांच्यात किती मोकळं बोलणं होऊ शकतं, याचा नमुना आहेत. १९३६च्या शेवटी सुरू झालेल्या दक्षिणेच्या प्रवासात त्यांनी अजिंठा पाहिलं, आणि त्यानंतरच्या पत्रांत त्यांची नजर कशी बदलते हे विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाने जरूर वाचावं. अमृता हाच तुमचा विषय असेल तर दुसरं काही शोधू नका.

माझ्यापुरता मी थांबलो तो सैयद हैदर रझा आणि क्रिशन खन्ना या दोन चित्रकारांच्या पत्रव्यवहारापाशी. तो २०१३ साली पुस्तकरूपाने आला. यात दोघांचीही पत्रं आहेत. एक जण पॅरिसमध्ये, दुसरा १९६१ पर्यंत ग्रिंडलेज बँकेत नोकरी करून चित्रं काढणारा, आणि मग ती नोकरी सोडलेला. एकाने काही म्हटलं की दुसऱ्याचं म्हणणं पानं उलटल्यावर मिळतं. मैत्रीत कोण कोणाला धीर देतो, कोण विषय टाळतो, एकच बातमी दोघं किती वेगळ्या सुरात सांगतात, हे अंदाज न लढवता वाचता येतं. नागपूरच्या माणसाला आणखी एक ओढ आहे. मंडला जिल्ह्यात जन्मलेले रझा १९३९ ते १९४३ आपल्या इथल्या कलाशाळेत शिकले, आणि मगच मुंबईच्या जेजे कलाशाळेत गेले. पॅरिसमधल्या त्या माणसाच्या घडणीतली चार वर्षं याच गावात गेलेली आहेत, हे मनात ठेवून वाचताना मला तरी पत्रांतला मायदेश वेगळा ऐकू येतो.

उणिवाही आहेत, आणि त्या मी लपवत नाही. छापील मजकुरात खाडाखोड हरवते, शाईचा रंग हरवतो, समासात काढलेलं काही असेल तर त्याचं वजन हरवतं. कोणतं पत्र घ्यायचं हे संपादक ठरवतात. एशिया आर्ट आर्काइव्हमधल्या कच्च्या कागदासमोर बसल्यावर जी थरथर जाणवते, ती पुस्तकात येत नाही. तरीही मला विचाराल तर पहिल्या वर्षी दोन्ही बाजू असलेला पत्रव्यवहारच घ्यावा. संवाद पूर्ण दिसला की पुढे अर्धा संवाद वाचताना काय गहाळ आहे हे ओळखता येतं. त्याच्या जोडीला रात्री व्हॅन गॉगच्या तारखांच्या टिपा वाचाव्यात. बडोद्याचे संग्रह दुसऱ्या वर्षी उघडावेत, तोवर गुजराती अक्षरही डोळ्यांत बसेल.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. पत्राचा कागद ज्याला आलं त्याच्या मालकीचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. भारतीय कायद्यात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. रझा २०१६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या पत्रांवर २०७६ अखेरपर्यंत हक्क राहील. व्हॅन गॉगचा मूळ मजकूर कधीच मोकळा झाला आहे, मात्र २००९चा अनुवाद आणि टिपा संपादकांच्या आहेत. अभ्यासासाठी चार ओळी उद्धृत करायला कोणी अडवत नाही. अख्खं पत्र छापायचं किंवा मराठीत आणायचं असेल तर हक्कदाराकडे परवानगीचा अर्ज विषय ठरल्याबरोबर पाठवा, कारण उत्तर यायला वेळ लागतो आणि प्रबंधाची तारीख पुढे सरकत नाही.