पोलिंग पार्टीची हेलिकॉप्टर सर्व्हिस : गडचिरोलीचा अनुभव

लोकसभा 2024 ला, म्हणजे 19 एप्रिलच्या मतदानाला, माझी ड्युटी भामरागड तालुक्यात पोलिंग पार्टीत, म्हणजे बूथवर मतदान घेणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या टीममध्ये लागली. घरचे म्हणे मजा आहे बुवा तुझी, फुकटात हेलिकॉप्टर. पुढच्या इलेक्शनला ज्यांचं नाव लागेल त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिलं म्हणजे हेलिकॉप्टर बूथच्या दारात सोडत नाही. ते बेस कॅम्पला उतरवतं, तिथून पुढे जवानांच्या मधे चालत. लोकांना वाटतं लांब आहे म्हणून उडवत नेतात, पण खरी भीती नक्षलवाद्यांनी रस्त्याखाली पेरलेल्या भूसुरुंगांची. 1 मे 2019 ला कुरखेड्याकडे अशाच स्फोटात 15 जवान आणि त्यांचा ड्रायव्हर गेले, ते गाडीतच होते. तसं हवेतही शंभर टक्के सेफ नाहीच, 2008 ला शेजारच्या छत्तीसगडमधल्या बिजापुरात पोलिंग पार्टीला आणायला गेलेल्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन हवाई दलाचा एक जण गेला होता.

आता सर्व्हिस. आम्हाला हवाई दलाचं एमआय-17 मिळालं. आत विमानासारख्या सीटा वगैरे काही नाही, दोन्ही भिंतींना लागून बाकडी, मधे फरशीवर सगळ्यांच्या मशीनच्या पेट्या आणि पाय कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही बघा. आवाज एवढा की शेजारच्याला काही सांगायचं तर खुणेनेच. क्रू मात्र एकदम पक्का, कोणी कुठून चढायचं, शेपटीकडे अजिबात जायचं नाही, पेट्या कुठे ठेवायच्या सगळं हातवारे करून फटाफट. उतरताना पंख्याची जी धूळ उडते ना, ती लक्षात ठेवा. आमच्या केंद्राध्यक्षांनी मतदार यादी आणि डायरी शर्टाच्या आत कोंबली होती तेव्हा सगळे हसले, पण दुसऱ्या पार्टीचे कोरे फॉर्म पार कुंपणापर्यंत उडाले आणि दोन जवान ते गोळा करत फिरत होते!

रडगाणं आहे ते जमिनीवरचं. नंबर कधी लागणार हे कोणीच सांगत नाही, मांडवात नुसतं बसून राहा. उन्हात हवा विरळ होते, हेलिकॉप्टरला वजन कमी झेपतं, त्यामुळे फेऱ्या मागेपुढे होणार हे कळतं हो, पण एक माणूस माईकवर येऊन तेवढंच सांगू शकला असता की.

परतीचं तर आधीच मनात धरून चला. मतदान 7 ते 3 असतं, पण मशीन बंद करायचं क्लोज बटण, 17-सी म्हणजे किती मतं पडली त्या हिशोबाचा फॉर्म भरणं, एजंटांना त्याच्या प्रती, सीलिंग यात वेळ जातोच आणि मग पायपीट. अंधारात उड्डाण नाही, त्यामुळे मुक्काम बेस कॅम्पला, मशीन उशाशी आणि बाहेर जवानांचा पहारा. आणि व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापून दाखवणारं मशीन) मागचा नॉब जाता-येता दोन्ही वेळा आडवा म्हणजे लॉक आहे ना हे स्वतः हात लावून बघा, दुसऱ्याच्या भरवशावर राहू नका, त्या हादऱ्यात आतला पेपर रोल हलला तर बूथवर घाम फुटेल.

हवेतल्या भागाला पाचपैकी पाच, जमिनीवरच्याला अडीच. कानात घालायला कापूस न्या, बॅग छोटी घ्या, आणि चालायचे बूट नवेकोरे नकोत.