पुनर्प्राप्त कार्बन तंतूंची मॅट: मायक्रोवेव्हमध्ये रेझीन कितपत धरते?

जुन्या कार्बन-इपॉक्सी भागांतून (इपॉक्सी हे एक रेझीन, म्हणजे घट्ट होऊन तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य) परत मिळवलेल्या तंतूंची न विणलेली मॅट आम्ही वर्षभर कार्यशाळेत वापरत आहोत. विक्रेते तंतूंची ताणशक्ती ठळकपणे छापतात. परंतु लॅमिनेट, म्हणजे तंतू आणि रेझीनचा थरांचा तयार भाग, टिकणार की नाही, हे रेझीन त्या तंतूला किती घट्ट धरते यावरही तितकेच अवलंबून असते आणि त्याविषयी माहितीपत्रकात सहसा एक ओळही नसते.

हे तंतू बहुधा पायरोलिसिसने, म्हणजे साधारण ४५० ते ७०० अंश सेल्सिअसला जवळपास प्राणवायूविना तापवून, मोकळे केले जातात. त्यात जुन्या रेझीनसोबत तंतूवरील मूळ सायझिंगही, म्हणजे रेझीन नीट धरावे म्हणून दिलेला पातळ लेपही, जळून जाते आणि मागे काजळीचा थर राहतो. तो हवेत तापवून काढावा लागतो. कमी तापवले तर थर उरतो, जास्त तापवले तर तंतूवरच खड्डे पडतात. आमच्या पहिल्या खेपेत कडक गुठळ्या हाताला लागत होत्या आणि तुटलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली रेझीनमधून अलगद निसटलेले, कोरडे तंतू दिसले. इपॉक्सीला साजेसे सायझिंग पुन्हा चढवलेल्या दुसऱ्या खेपेत मात्र तंतूंना रेझीनचे कण चिकटून राहिलेले पाहून मला मनापासून समाधान वाटले.

रेझीन घट्ट करताना साध्या भट्टीत उष्णता बाहेरून आत जाते, तर २.४५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हमध्ये कार्बन तंतू स्वतःच तापतात. त्यामुळे त्यांना लागून असलेले रेझीन आधी पातळ होऊन तंतूला भिजवते आणि घट्ट होण्याची सुरुवातही तिथूनच होते. पकडीला याची मदत होते, पण काजळीवर बसलेले रेझीन काजळीलाच धरते, तंतूला नाही. कापलेल्या कडांवर ठिणग्या पडून आमचे दोन नमुने जळाले. तेव्हापासून आम्ही कडा ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने सलग झाकतो आणि शक्ती टप्प्याटप्प्याने वाढवतो. जाड थरांत लहरी खोलवर पोहोचत नाहीत, म्हणून पातळ भागच करावेत.

मॅट फुललेली असल्याने केवळ व्हॅक्यूम बॅगने (हवा काढून भागावर दाब देणाऱ्या पिशवीने) ती पुरेशी दबत नाही आणि रेझीनचे प्रमाण वाढते. कापताना तंतू उडतात, त्यामुळे मुखपट्टी लावावी आणि ते वीजवाहक असल्याने विजेची उपकरणे झाकून ठेवावीत.

आवरणे आणि झाकणे यांसाठी सायझिंग केलेली मॅट मी निःसंकोच सुचवेन. मुख्य भार पेलणाऱ्या भागांसाठी मी ती अजून वापरत नाही. सायझिंग कोणत्या रेझीनसाठी आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय आता आम्ही मागणी नोंदवत नाही.