वॉचमनला केबिनबाहेर उभं करून डेमो दाखवला, तर पैसे देऊ नका

एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे वीस रुपये. आकडा पैपर्यंत लिहितेय, कारण हे पैसे माझे एकटीचे नव्हते, ४२ फ्लॅटधारकांचे होते, आणि मी सोसायटीची खजिनदार आहे. सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, लोकांच्या सह्या पडताळल्या, आणि एका बिनतारी इंटरकॉमवाल्यानं मला गुंडाळलं. हे लिहितानाही लाज वाटते.

बिनतारीच का घेतला, असं आता सभेत सगळे विचारतात. आमची सोसायटी सांगलीत कोल्हापूर रोडच्या बाजूला. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा जुन्या इंटरकॉमचा तळमजल्यावरचा बोर्ड चिखलात गेला. पुन्हा वायर ओढायची तर कोटेशन २,६०,००० चं, शिवाय घराघरात भिंती फोडायच्या. हा म्हणाला, फ्लॅटमागे ३,५००, दोन दिवसांत काम, रेंज एक किलोमीटर. मी तीन कोटेशनं घेतली होती, सभेत ठराव झाला होता. मनमानी केलेली नाही.

आता तो डेमो. आमच्या वॉचमनची केबिन पत्र्याची आहे, आणि पत्रा, लोखंड सिग्नल अडवतात. तो माणूस वॉचमनला म्हणाला, "काका, जरा बाहेर या, आत पंख्याचा आवाज येतोय," आणि त्यांना हँडसेट देऊन लिंबाच्या झाडाखाली उभं केलं. स्वतः ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत गेला. तिथून लिंब सरळ दिसतो. आवाज खणखणीत आला. मी म्हटलं, आता लिफ्टपाशी जाऊन बघू. तर म्हणाला, "मॅडम, डेमो पीसची बॅटरी संपत आली." मी तिथेच थांबले. पंखा बंद करून काकांना आत बसवा, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तो लिंब दिसतो.

ॲडव्हान्स ८८,२००, काम झाल्यावर ५८,८००. बेस युनिट, म्हणजे मुख्य यंत्र, त्यानं पत्र्याच्या केबिनमध्ये लोखंडी कपाटामागे, वायफाय राउटरला चिकटून लावलं, अँटेना आडवी. बऱ्याच घरांत हँडसेट फ्रिजवर ठेवून गेला. ४२ पैकी ११ फ्लॅटमध्ये आवाज पोचायचा. बी विंग लिफ्टच्या शाफ्टमागे आहे, तिथे नुसती खरखर. तक्रार केली तर म्हणाला, बिल्डिंगच जाड आहे, सिग्नल वाढवायला बूस्टर लागेल. दोन बूस्टरचे २६,०००, अँटेना गच्चीवर न्यायला १५ मीटर केबलचे ६,४००, आणि वर्षाच्या देखभालीचे ८,८२० आगाऊ. बूस्टर लागल्यावर फ्लॅट ११ चे ९ झाले! त्यानंतर फोन उचलणं बंद.

मिरजेहून एक ओळखीचा इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं बूस्टर माझ्यासमोर टेबलावर उघडला. आत एक हिरवा एलईडी, एक रेझिस्टर, आणि हाताला वजन लागावं म्हणून चिकटवलेली लोखंडी पट्टी. बाकी काही नाही. केबलही पातळ, साधी. आमचं यंत्र ज्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालतं, तिथे असली केबल मीटरमागे साधारण एक डेसिबल (सिग्नल घटण्याचं माप) खाते, म्हणजे दहा मीटरमध्येच सिग्नलचे दहातले नऊ हिस्से गेले. अँटेना उंच नेली आणि सिग्नल वाटेतच संपला. खरा रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र, तोसुद्धा जिथे सिग्नल अजून पोचतोय तिथेच लावायचा असतो, आमचा बी विंगच्या मागच्या टोकाला, जिथे काहीच पोचत नव्हतं.

मग त्या इलेक्ट्रिशियननं बेस केबिनमधून काढून ए विंगच्या पहिल्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीला, लोखंडापासून लांब लावला, अँटेना उभी, आणि ती केबल फेकून दिली. राउटर दुसऱ्या कोपऱ्यात. एवढ्यानं २९ फ्लॅट चालू झाले. म्हणजे यंत्रात दम होता, पण त्या माणसाला ते नीट लावायचंच नव्हतं, बूस्टर खपवायचा होता. एक किलोमीटर कुणी सांगितलं तर विचारा, माळावर की आमच्या जिन्यात? सळईच्या काँक्रीटचे दोन-तीन स्लॅब मध्ये आले की तो किलोमीटर राहत नाही. दार बंद करून, लिफ्टपाशी, पाण्याच्या टाकीखाली, सगळ्यात मागच्या स्वयंपाकघरात बोलून बघितल्याशिवाय रुपया देऊ नका.

पोलीस ठाण्यात अकराला गेले, तीन वाजता एकानं कागद बघितले. म्हणे, यंत्र दिलंय ना, मग हा दिवाणी मामला. मी उघडलेला बूस्टर पुढे ठेवला. त्यानं हात लावला नाही. पैसे यूपीआयनं गेलेत म्हणून सायबरवाल्यांकडे गेले, तर म्हणे माणूस तुमच्या दारात आला होता, हे ऑनलाइन नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पुन्हा ठाण्यात गेले तर आधीचे साहेब रजेवर, नव्यांना पहिल्यापासून सांगा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, हे मी त्यांना सांगायचं? चार चकरा झाल्या, हातात साधी पोच नाही. एकानं तर विचारलं, "ताई, घरातलं कुणी माणूस नाही का बरोबर?" ते मी विसरणार नाही.

बिलावरचा जीएसटी नंबर मी पैसे दिल्यावर पोर्टलवर टाकला, तो कुठल्या तरी कपड्याच्या दुकानाचा निघाला. तुम्ही आधी टाका, दोन मिनिटं लागतात. बिनतारी यंत्राला दूरसंचार विभागाची ईटीए (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल) मान्यता लागते, तिचा कागद मागा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. आमचा अर्ज गेलाय. उघडलेले बूस्टर फेकू नका, तोच पुरावा.

बी विंगमधल्या १३ फ्लॅटना शेवटी जिन्याच्या कडेनं वायरच ओढली, ९,२०० लागले. ते मी माझ्या पेन्शनमधून भरले.

त्यानं माझा नंबर ब्लॉक केलाय, पण आमच्या एका सभासदाला त्याचं स्टेटस दिसतं. परवा त्यानं कराडच्या कुठल्या तरी सोसायटीचा फोटो टाकला होता. वॉचमन हातात हँडसेट घेऊन केबिनच्या बाहेर उभा आहे.